बाटल्यांच्या फळीने घर गार होत नाही

उन्हाळा लागला की एक व्हिडिओ पुन्हा फिरू लागतो. प्लास्टिकच्या बाटल्या मधोमध कापायच्या, त्यांची तोंडं फळीच्या भोकांत बसवायची आणि फळी खिडकीला लावायची; रुंद बाजू बाहेर, निमुळतं तोंड घरात. त्यातून येताना हवा ‘दाबली जाते’ आणि ५ अंशांनी गार होते, असा दावा. २०१६ मध्ये बांगलादेशातून ‘इको-कूलर’ या नावाने हे जगभर पसरलं. हल्ली सोबत जयपूरच्या हवामहलाचा फोटोही असतो, त्याच्या जाळ्याही हवा अशीच गार करतात असं सांगायला. पत्र्याच्या घरात उकडून निघणारी माणसं यावर विश्वास ठेवून खिडकी बुजवतात, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहायला हवा.

‘अरुंद तोंडातून जाताना हवा थंड होते.’ वेग वाढला की हवेचं तापमान किंचित उतरतं, एवढं खरं. किती, ते काढता येतं. सेकंदाला ३ मीटरचा वारा बाटलीच्या तोंडाशी १० मीटरचा झाला असं धरू. दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक ९१. त्याला हवेच्या विशिष्ट उष्णतेच्या (एक किलो हवा एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या) दुपटीने, म्हणजे सुमारे २०१० ने भागलं की ०.०४५ अंश येतात. ५ अंश हवे असतील तर त्या तोंडातून वारा ताशी ३६० किलोमीटरने सुटला पाहिजे. त्यातही खोलीत शिरून हवा मंदावली की उतरलेलं तापमान पुन्हा चढतं. फ्रिजमध्येही गॅस दाबूनच गारवा येतो, हा दाखला इथे लागू नाही. तिथे कॉम्प्रेसर गॅस कित्येक पट दाबतो, त्याची उष्णता मागच्या कॉइलमधून बाहेर टाकली गेली की त्याचा द्रव होतो आणि मग तोच द्रव आत उकळून उष्णता शोषतो. खिडकीवर वाऱ्याचा दाब जेमतेम ५-६ पास्कल असतो. वातावरणाचा एक लाखाहून जास्त.

‘तोंड उघडून हातावर हाऽऽ करा, गरम लागेल, चंबू करून फुंका, गार लागेल.’ लागतं, पण कारण वेगळं आहे. श्वास साधारण ३४ अंशांचा असतो. चंबूतून सुटलेला झोत आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि ती ३४ पेक्षा गार असली तर हाताला गार लागतं. शिवाय झोताने हातावरचा घामही वाळतो. बाहेर ४२ अंश असताना बाटलीतून येते ती ४२ अंशांचीच हवा.

‘वारा तरी जोरात येतो ना?’ सगळ्यात मोठं नुकसान इथेच आहे. चार फूट बाय चार फूट खिडकीत, म्हणजे सुमारे १.४९ चौरस मीटरमध्ये, ८ सेंटिमीटर व्यासाच्या २२५ बाटल्या बसतात. तोंडाचा आतला व्यास सुमारे २.२ सेंटिमीटर, म्हणून सगळ्या तोंडांचं मिळून क्षेत्रफळ ०.०८५ चौरस मीटर. ९४ टक्के खिडकी बंद झाली! वारा काही पंपाने ढकललेला नसतो. अडथळा दिसला की तो घराला वळसा घालून निघून जातो. समोर तेवढीच दुसरी खिडकी उघडी असली आणि निमुळत्या तोंडाचा फायदाही हिशोबात धरला, तरी घरात येणारी हवा आठव्या हिश्श्यावर येते. फळीमागे थोडं गार वाटलं तर ते ऊन अडल्यामुळे, आणि ते काम साधा छज्जा वारा न अडवता करतो.

हवामहल आणि जाळ्यांचं म्हणाल, तर १७९९ च्या त्या इमारतीचे वरचे मजले एकाच खोलीच्या जाडीचे आहेत. वारा पुढून शिरून मागून निघतो, आणि जाळी थेट ऊन व चकाकी अडवते. खरा गारवा पाण्याचा: एक लिटर पाणी वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेतं. म्हणून वाळ्याचे ओले पडदे आणि कूलर नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात चालतात. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ते खोली नुसती चिकट करतात.

मग करायचं काय? वारा आत येण्याला वाट आणि बाहेर जाण्यालाही वाट, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत आणि क्षेत्रफळ जवळपास सारखं. दोन्ही मिळून जमिनीच्या क्षेत्रफळाच्या २० ते ३० टक्के उघडी जागा असली तर आतला वेग बाहेरच्या साधारण ३० टक्के मिळतो. त्यापुढे खिडकी वाढवली तरी तेवढ्या पटीत लाभ वाढत नाही. झोपण्याच्या खोलीत खिडकीची खालची कड गादीच्या उंचीला धरा, नाहीतर वारा अंगावरून न जाता डोक्यावरून जातो.

फ्लॅटमध्ये पहिली चूक स्लायडिंगची. दोन ट्रॅकची खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. बाहेर उघडणारी झडप जवळपास पूर्ण उघडते. डासांची जाळी धुळीने भरली की उरलेला वाराही अडतो. ती दर पंधरवड्याला धुवा. खोलीला एकच खिडकी असेल तर दारावर झरोका काढा, म्हणजे रात्री दार लावूनही हवा खेळते.

आणि कोरड्या भागात दुपारी बाहेर ३८-४० अंश झाले की खिडक्या लावून, पडदे ओढून पंखा चालवा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, की सगळ्या सताड उघडा आणि पहाटेपर्यंत उघड्याच ठेवा. विटांच्या भिंती त्या वेळात गार होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तग धरतात. पत्र्याच्या घरात भिंतीआधी छताकडे बघा. पत्र्यावर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग, खाली वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना उघडी तोंडं, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते.