दुकानाची सिस्टीम बदलायची की नाही, याबद्दल मी काय ठरवलं

१४ ऑक्टोबर म्हटलं की नागपूरच्या माणसाला १९५६ साल आणि दीक्षाभूमी आठवते. २०२५ मध्ये नेमक्या त्याच तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट फुकट येणं थांबलं, आणि आमच्या डीटीपीवाल्यांचे (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांचे) एकमेकांना फोन सुरू झाले. "भाऊ, तू ११ टाकून राहिला का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

महालात माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, कवितासंग्रह ही वर्षभराची कामं. पण अशोक विजयादशमीच्या आधीचे दोन महिने दीक्षाभूमीवरच्या स्टॉलसाठी पुस्तिका निघतात, आणि दुकानाचं वर्षाचं भाडं त्यातूनच सुटतं.

२०१६ मध्ये याच सीझनच्या तोंडावर मी चूक केली. फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलैला संपत होती, म्हणून घाईघाईने विंडोज ७ वरून १० वर गेलो. सिस्टीम नीट सुरू झाली, पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर, तेही उघडलं. पण मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ते चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी छोटी किल्ली, काही केल्या ओळखलं जाईना. त्याचा नवा ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं. ९६ पानांची पुस्तिका, शेवटच्या दुरुस्त्या बाकी, वयस्कर लेखक माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेले, आणि मला एक वेलांटी बदलता येईना. जुन्या विंडोजवर परत जायची सोय होती म्हणून त्या रात्री निभावलं. त्यानंतर सीझनमध्ये कामाच्या सिस्टीमला मी हात लावलेला नाही, आणि तुम्हीही लावू नका.

म्हणून 'चालून राहिलं ना, मग कशाला बदलायचं' हे मला पटतं असं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. आपल्याकडे तर दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात. एखाद्याचं वीस वर्षांचं लिखाण आपल्या हार्ड डिस्कवर असतं, ती ठेव आहे. सपोर्ट संपलेली सिस्टीम नेटला जोडून ठेवणं म्हणजे त्या ठेवीशी खेळ आहे. विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटना एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती घ्या, पण तो तयारीचा वेळ समजा.

माझ्या मशीनचा प्रोसेसर इंटेलचा सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. रिपेअरवाला पोरगा म्हणाला, "दादा, जुगाड करून टाकून देतो, काही होत नाही." मी नाही म्हटलं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. अपडेटसाठीच बदलायचं आणि त्याचीच खात्री नाही, तर कशाला?

आता मुख्य गोष्ट. आपलं खरं अडलं आहे ते फॉन्टपाशी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड, म्हणजे मोबाइलपासून सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच ठरलेली पद्धत, कळत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. फॉन्ट नसला की मॅटरचा नुसता कचरा दिसतो. आणि आज ग्राहक मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतो. आपण तो कन्व्हर्टरने जुन्या फॉन्टमध्ये आणतो, पुन्हा मागितला की उलटा फिरवतो. या फिरवाफिरवीत किती नासतं ते रोज पाहतो. एका कवितासंग्रहात 'मेळघाटच्या दऱ्या' होत्या, कन्व्हर्टरमधून 'मेळघाटच्या दर्या' निघाल्या. दर्या म्हणजे समुद्र. दोन्ही शब्द मराठीत आहेत, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. तिसऱ्या प्रूफला नजर पडली म्हणून वाचलं. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचंही तेच. हे ओळखायला माणूसच लागतो.

म्हणून मी असं ठरवलं आहे. जुनी सिस्टीम फॉरमॅट मारायची नाही. पेजमेकर, लॉक, फॉन्ट सगळं तसंच राहील, फक्त नेटची वायर काढली. आधी डिस्कची अख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दोन ठिकाणी घेतली. नवीन काम दुसऱ्या मशीनवर, विंडोज ११ आणि पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये, थेट युनिकोडमध्ये. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पैसे दोनदा गेले, बायकोशी बोलून हप्ता बांधला.

जुन्या फायली रोज एक याप्रमाणे युनिकोडमध्ये आणतो आहे, छापील प्रत शेजारी ठेवून. काल २००९ ची एक स्मरणिका झाली, ६४ पानं, रात्रीचे साडेअकरा वाजले. 'ऱ्या' न बिघडवणारा कन्व्हर्टर कोणी वापरत असेल तर कमेंटमध्ये नाव लिहा, पण स्वतः प्रूफ वाचून खात्री केली असेल तरच.