13 तास 57 मिनिटं म्हणे!

अरे नेटवरचं ते विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं पान ज्याने कोणी बनवलंय ना, त्याला एकदा माझ्या मायशेजारी बसवून मुंबई ते न्यूयॉर्क नेलं पाहिजे. एजंटने स्क्रीनशॉट टाकला, अंतर साडेबारा हजार किमी, वेळ 13 तास 57 मिनिटं. "काकूंना सांगा, चौदा तास फक्त." मी सांगितलं. वय 69, शुगर, पहिलंच विमान, तिने मनात चौदाच धरले.

रात्री दीडला विमान सुटलं, अगदी वेळेवर. मायने मनगटावरचं घड्याळ आपल्याच टाईमवर ठेवलेलं. त्यात दुपारचे साडेतीन वाजले तशी बाईने सुजलेल्या पायात बूट कोंबले, शाल घडी करून पिशवीत टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. अशी अडीच तास! बूट काढले तर परत चढणार नाहीत म्हणून काढलेपण नाहीत. उतरल्यावर ताईच्या फोनवरून पहिलं वाक्य, "तू ते चौदा तास सांगेल व्हतं ना रे भाऊ?" काय उत्तर देणार मी?

साडेसोळा तास लागले. तिकिटावर होतंच ते, रात्री 1:30 ते सकाळी 7:30, त्यात हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक मिळवायचा. मामा तर त्यावरून सहाच तास म्हणत होते, ते सोडा. मी स्वतः बेरीज करायला हवी होती, नाही केली, ते मला खातंय. पण 13:57 आलं कुठून? नकाशावर सगळ्यात जवळचं अंतर घेतलं, 900 च्या स्पीडने भागलं, झालं! वर पश्चिमेकडून वारं तोंडावर येतं, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं त्याचा वळसा, धावपट्टीवरची रांग, यातलं काहीच धरलेलं नाही. न्यूयॉर्क ते मुंबई उलटं टाकून बघितलं तर तेच, 13 तास 57 मिनिटं! अरे येताना वारं पाठीशी असतं, तास-दीड तास कमी लागतो, हे शाळेतल्या पोराला समजतं.

आणि आमच्याकडच्या माणसाचा प्रवास मुंबईपासून सुरू होतो असं कोणी ठरवलं? जळगावहून सकाळी अकराला घर सोडलं, 420 किलोमीटर रेल्वे, कसाऱ्याच्या अलीकडे गाडी उभी ती उभीच, मग कल्याणला उतरून टॅक्सी, मग विमानतळावर तीन तास आधी. घरापासून तिकडे चाकं टेकेपर्यंत 31 तास! जळगावला विमानतळ आहे की, 2017 च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा पेढे वाटले होते लोकांनी, नंतर कधी बंद, कधी सुरू. त्याच्या भरवशावर अमेरिकेचं तिकीट कोण काढेल?

काल एजंटला फोन करून झाडला. तर म्हणतो, "भाऊ, नेटवर तेवढंच येतं." अरे तू रोज तिकिटं काढतो ना? तुला माहीत नाही?

माय अजून पाय उशीवर ठेवून झोपते, ताईने आज फोटो पाठवला. घोट्यावर बुटाच्या पट्टीचा वळ तसाच आहे.