फ्रिजच्या मागे लाइटर धरू नका

"मेकॅनिकला हजारो रुपये घालू नका, फ्रिज घरीच दुरुस्त करा" असा एक मेसेज सध्या आमच्या परभणीकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मी तो सोडून दिला होता. ज्याचं पोटच फ्रिज दुरुस्तीवर आहे त्यानं असल्या मेसेजला उत्तर दिलं की लोक म्हणतात, धंदा बसतोय म्हणून ओरडतोय. पण काल सेलूहून मावशीचा फोन आला. तिचा फ्रिज गार करेना. मेसेजमधला दुसरा उपाय करायचा म्हणून तिनं नातवाला लाइटर आणायला पाठवलं होतं. "एवढ्याशा ज्योतीनं काय होतंय रे?" असं मलाच विचारत होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमध्ये सात उपाय आहेत. फ्रीजरमधला बर्फ सुरीनं काढा. गॅस गळतोय का ते लाइटरनं बघा, मागच्या पाइपांवर आणि फ्रीजरच्या आतही. दरवर्षी उन्हाळ्याआधी गॅस भरून घ्या. उन्हाळ्यात नॉब सातवर ठेवा. रात्री फ्रिज बंद करा, वीज वाचते. शॉक बसत असेल तर प्लगची मोठी पिन काढून टाका. मागची जाळी आणि दाराचं रबर साफ ठेवा. शेवटी एक ओळ: कॉम्प्रेसर गेला म्हणणारा मेकॅनिक तुम्हाला लुटतोय.

लाइटरपासूनच सुरू करतो. तुमच्या फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या आसपास किंवा आतल्या बाजूला एक पाटी चिकटवलेली असते. मॉडेल, व्होल्टेज आणि त्याखाली गॅसचं नाव. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक घरगुती फ्रिजवर तिथे 'आर-600ए' लिहिलेलं सापडेल, आणि कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र. आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, त्याच ब्युटेनचा हा सख्खा भाऊ. पेटतो. कंपनीनं स्वतः ज्वाळेचं चित्र छापून ठेवलंय, तिथेच ज्योत धरा असं हा मेसेज सांगतो.

त्यात एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. फ्रिजच्या गॅसमध्ये तसा वास घातलेला नसतो. त्यामुळे "वास येत नाही, म्हणजे गॅस नाही" हा आपला रोजचा हिशोब इथे चालत नाही.

कोणी म्हणेल, फ्रिजमध्ये गॅस असतो तरी किती? खरंय, थोडाच असतो. पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो, साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम. तेवढा मोकळ्या स्वयंपाकघरात पसरला तर पेटण्याइतका दाट होणार नाही, हेही कबूल करतो. पण फ्रीजरमध्ये गळती असेल तर गॅस खोलीत जात नाही, बंद दाराआड साठतो. हवेत 1.8 टक्क्यांच्या वर आयसोब्युटेन झालं की ते पेट घेऊ शकतं. 190 लिटरच्या फ्रिजचा हिशोब केला तर त्याला आठ-नऊ ग्रॅम पुरतात. आणि मेसेज सांगतो, दार उघडून आत लाइटर फिरवा. तोंड कुठे असेल त्या वेळी? फ्रीजरच्या समोर.

हे खूळ आलं कुठून, याचा मला अंदाज आहे. जुन्या उस्तादांकडे पितळेचा एक छोटा टॉर्च असायचा. त्याची ज्योत तांब्यावरून जायची, आणि जवळपास आर-12, म्हणजे जुन्या फ्रिजमधला गॅस, गळत असला की ती हिरवी व्हायची. ती पद्धत खरी होती, कारण आर-12 पेटत नाही. पण ओझोनच्या थराला भोक पाडणारा म्हणून त्यावर 1987 च्या मॉन्ट्रियल करारानं बंधन आलं आणि 2010 पासून आपल्याकडे तो बंदच झाला. त्याच्या जागी आलेला आर-134ए गॅस त्या टॉर्चला कळत नाही, आणि आर-600ए ला तर तो दाखवायचाच नाही. उस्तादांचा टॉर्च गेला, गॅस बदलला, ज्योत मात्र लोकांच्या डोक्यात राहिली.

गळती ओळखायला ज्योत लागतच नाही. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो आणि बाकीचा भाग कोरडा, मागची जाळी कोमटसुद्धा लागत नाही, एखाद्या जोडावर तेलकट डाग दिसतो. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की संशय घ्यायचा. फार तर बाहेरच्या जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला तर आला. बाकीची गळती पाइपांत नायट्रोजन भरून शोधायची असते, ते काम घरी होत नाही.

आता ती सुरी. डायरेक्ट कूल, म्हणजे ज्यात बर्फ साचतो त्या साध्या फ्रिजमध्ये, बर्फाचा कप्पा हाच गार करणारा भाग असतो. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या आतूनच गॅसच्या वाटा गेलेल्या. सुरीचं टोक किंवा पेचकस लागला की बारीक फुस्स आवाज येतो आणि गॅस निघून जातो. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या कामांत हे हमखास असतं. म्हणजे पहिला उपाय भोक पाडतो आणि दुसरा उपाय त्या भोकापुढे लाइटर धरतो. त्याऐवजी डीफ्रॉस्टचं बटण दाबा, किंवा प्लग काढून दार उघडं ठेवा आणि खाली फडकं टाका. मे महिन्यात परभणीत बर्फ वितळायला वेळ लागत नाही.

दरवर्षी गॅस? फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तोच आत फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुन्हा बोलावणं यावं अशीच सोय करून जातो.

नॉब आणि रात्री बंद करणं, या दोन्हींत माझा जीव अडकलाय, कारण मावशीच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे. न उघडलेल्या इन्सुलिनच्या खोक्यावर 2 ते 8 अंश लिहिलेलं असतं आणि 'गोठवू नका' असंही. नॉब सातवर लावून बाटली बर्फाच्या कप्प्याखाली ठेवली तर ती गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. उलट दिवसा 43 अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात रात्रभर फ्रिज बंद ठेवलात, तर सकाळी दूध नासलेलं दिसेल. इन्सुलिनचं बिघडणं डोळ्यांना दिसेलच असं नाही. लाइट गेली तर दार न उघडता चारेक तास निभावतं, पण मुद्दाम रोज बंद करायचं कशाला? उन्हाळ्यात नॉब एखादा आकडा वाढवा, इथवर ठीक.

जाळी आणि रबराचं बरोबर आहे. धूळ झटका, भिंतीपासून थोडं अंतर ठेवा.

कॉम्प्रेसरच्या ओळीतही निम्मं खरं आहे, आणि ते आमच्याच लोकांबद्दल असल्यानं म्हणायला जड जातं. फ्रिज टक् करतो, थोडा गुणगुणतो, पुन्हा टक् करून बंद पडतो. अशा वेळी बऱ्याचदा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) किंवा ओव्हरलोड (कॉम्प्रेसर तापला की वीज तोडणारा भाग) गेलेला असतो, ते काम काही शे रुपयांचं. किंवा गावात व्होल्टेजच इतकं पडलेलं असतं की कॉम्प्रेसर उचलत नाही. दोन्ही न तपासता नवा कॉम्प्रेसर गळ्यात मारणारे आहेत. लाइट ये-जा करत असेल तर पाचेक मिनिटं थांबून मग फ्रिज लावा, आतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

मोठ्या पिनला मात्र हात लावू नका. ती अर्थिंगची आहे. पिन काढली की शॉक जात नाही, शॉकची जमिनीत जायची वाट बंद होते. मग ती वाट तुमच्या अंगातून. दाराला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं. हे घर बांधताना कोणी सांगत नाही.

मेकॅनिकला फोन करताना मागच्या पाटीवरचं गॅसचं नाव वाचून दाखवा. आर-600ए असेल तर त्याला वेगळं सामान आणावं लागतं आणि दुसरा गॅस त्यात भरून चालत नाही. तो आला की आधी खिडक्या उघडा, शेगडी बंद करा, देवापुढचा दिवाही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत न्या. आणि आतला गॅस बाहेर काढायच्या आधीच तो पाइप जोडायला टॉर्च पेटवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.