आमच्या खासदाराचं मत कुठे लिहिलंय?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा झाली. फ्लॅट अवघे २४. निबंधक कार्यालयाचे अधिकारी हजर, आणि एक पोरगा कोपऱ्यात कॅमेरा लावून सगळी सभा चित्रित करत होता, कारण २०१९च्या शासन निर्णयात तसं लिहिलंय. विकसक ठरवायला ५१ टक्के संमती पुरते. इथे २३ जण बाजूने आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या विरोधात. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो काकू, एका मताने काय होणारे? 'सर्वानुमते' लिहून टाकू का?" काकू म्हणाल्या, "काही होवो न होवो, माझं नाव लिहा. फ्लॅट नंबरासकट." लिहावं लागलं.

मला तेव्हा हसू आलं होतं. घरी येताना जिन्यात मात्र डोक्यात आलं, की आपण ज्यांना दिल्लीला पाठवतो त्यांनी कुठल्या कायद्याला 'हो' म्हटलं आणि कुठल्याला 'नाही', हे असं फ्लॅट नंबरासकट कुठे सापडेल का?

सापडेल असं गृहीत धरून मी वही उघडली. (हो, वही. एक्सेल माझा मुलगा करतो.) संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या साइटवर खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चांमधला सहभाग, खासगी विधेयकं असं सगळं व्यवस्थित मिळतं. निवडणुकीच्या तोंडावर पेपरात जी प्रगतिपुस्तकं येतात, त्यांत हेच आकडे असतात. 'मत' असा रकाना नाही. आधी वाटलं साइटवाल्यांचा आळस. तसं नाहीये. बहुतेक वेळा नोंदवायला काही उरलेलंच नसतं.

कारण आवाजी मतदान. अध्यक्ष म्हणतात, बाजूने असलेल्यांनी 'हां' म्हणावं, विरोधातल्यांनी 'ना' म्हणावं. दोन्हीकडून आवाज होतो आणि लगेच 'हां की जीत हुई'. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी कँटीनमध्ये होतं, काही कळत नाही. नावं हवी असतील तर सभागृहातून कुणीतरी मतविभाजन मागावं लागतं. (आपल्याकडे हा शब्द निवडणुकीत मतं फुटण्यासाठी वापरतात, त्यामुळे माझ्या भावाला मी काय शोधतोय हे समजायलाच दहा मिनिटं गेली.) मग लॉबी रिकामी करायला सांगतात, घंटा वाजते, साडेतीन मिनिटं थांबतात आणि बटणं दाबली जातात किंवा चिठ्ठ्या भरल्या जातात. हिरवी बाजूने, लाल विरोधात, पिवळी तटस्थ. पण लोकसभेच्या नियम ३६७मध्ये एक मेख आहे. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं करून मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदवायची नसतात.

राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी शेतीविषयक विधेयकांवर मतविभाजन मागितलं गेलं, ते मिळालं नाही. गदारोळात आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर झाली. ज्या कायद्यांवरून दिल्लीच्या वेशीवर वर्षभर शेतकरी बसून होते, त्यांवर महाराष्ट्राच्या एकेका राज्यसभा सदस्याचं मत काय, याची नोंद कुठेच नाही.

घटनादुरुस्तीला मात्र आवाजी चालत नाही. म्हणून मी महिला आरक्षणाचं मतदान काढलं, २० सप्टेंबर २०२३चं. ४५४ बाजूने, २ विरोधात. यादीत नुसती नावं असतात, मतदारसंघ नसतो. बोट सवयीने 'बापट' शोधायला गेलं आणि थांबलं. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३लाच वारले होते. पोटनिवडणूक झालीच नाही. डिसेंबरात उच्च न्यायालयाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जून २०२४पर्यंत, चौदा महिने, पुणे शहराची खुर्ची रिकामी. सावित्रीबाईंच्या गावाचं मत महिला आरक्षणाला ना बाजूने पडलं, ना विरोधात.

आणखी एक तारीख वहीत लाल पेनाने लिहिलीय. २० डिसेंबर २०२३. भारतीय न्याय संहिता आणि तिची दोन भावंडं, म्हणजे तीन नवे फौजदारी कायदे, लोकसभेत मंजूर झाले, आवाजी मतदानाने. १ जुलै २०२४पासून पुण्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात त्यानुसार गुन्हे नोंदवतात. त्या दिवशी पुण्याची जागा रिकामी. बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे आदल्याच दिवशी निलंबित. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या आपल्या चार मतदारसंघांपैकी सभागृहात बसू शकत होते फक्त मावळचे खासदार. त्यांनी 'हां' म्हटलं असेल असा अंदाज मी करू शकतो, पण वहीत अंदाज लिहायचे नाहीत असं मी ठरवलंय.

आता आमच्या कट्ट्यावरचा नेहमीचा आक्षेप. "अरे, व्हिप असतो. पक्ष सांगेल तिकडे बटण. तू काय मोजतोयस?" खरं आहे. १९८५पासून घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आहे. व्हिप मोडला, अगदी तटस्थ राहिला तरी खासदारकी जाऊ शकते, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच सुटका. १९९०मध्ये निवडणूक सुधारणांवरच्या गोस्वामी समितीने सुचवलं होतं, की व्हिप मोडल्याबद्दलची अपात्रता फक्त सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल तेव्हाच लागू करा. ते कागदावरच राहिलं.

पण मला हा आक्षेप उलटा वाटतो. मत पक्षाचं असेल, बटणावरचं बोट तर आपण निवडून दिलेल्या माणसाचंच आहे ना? उद्या मंडळाच्या आरतीला आल्यावर 'माझा वैयक्तिक विरोधच होता' म्हणायची सोय आवाजी मतदानात आहे, छापील यादीत नाही. शिवाय यादीतून गैरहजेरी कळते. त्या ४५४ आणि २ची बेरीज ४५६. लोकसभा ५४३ची. अध्यक्ष आणि रिकाम्या जागा वगळल्या तरी बरेच जण कुठल्याच रकान्यात नाहीत, आणि ते कोण हे संसद सांगत नाही. सदस्यांची पूर्ण यादी घेऊन एकेका नावावर काट मारत बसायचं. मी बसलो. दोन संध्याकाळी गेल्या, चष्म्याचा नंबर वाढला असणार.

सध्याचे आपले खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. म्हणजे हजेरी आणि प्रश्नांचं ते नेहमीचं प्रगतिपुस्तक पुणे शहरापुरतं कोरंच राहणार. मोजण्यासारखं उरतं ते मतच. म्हणून माझी मागणी एवढीच, की विधेयक शेवटी मंजूर होताना प्रत्येक वेळी बटण दाबून मत घ्यावं, कुणी मागो न मागो. आवाजी ठेवायचं तर ते बारीकसारीक प्रस्तावांना ठेवा. या अर्थाचं पत्र मी चारही खासदारांच्या कार्यालयांना टाकतोय, मसुदा पहिल्या कमेंटमध्ये देतो.

पुणे शहराचा रकाना मी भरतोय. बारामती, शिरूर आणि मावळसाठी प्रत्येकी एक जण हवाय. अट एकच, आपल्या आवडत्या पक्षाची गैरहजेरीसुद्धा लिहावी लागेल. काकूंना विचारलं, त्या तयार आहेत, पण त्यांना पीडीएफ छापून द्यावी लागेल.