मार्लिन ६० की रुगर १०/२२ : एडिसनकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार एडिसनकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला बराचसा गेला. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

मूळ लेख न वाचता थेट इथे आलेल्यांसाठी गोषवारा देतो. कमी पैशांत पहिली पॉइंट टू-टू (०.२२ इंची छोट्या काडतुसाची) सेमी-ऑटो रायफल, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सोडून पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घ्यायची तर रुगर १०/२२ घ्या, मार्लिन मॉडेल ६० नको, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप चार. मार्लिन स्वस्त आहे आणि खोक्यातून काढल्या-काढल्या रुगरपेक्षा नेमकी मारते, हे मी दडवलं. तिच्यात १४ काडतुसं बसतात, रुगरमध्ये १०. ‘मार्लिन रिकामी करणं जास्त जोखमीचं’ हे माझं वाक्य म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि चौथा आक्षेप असा की, व्हिसावरच्या पोरांना कायद्याचं एक अक्षर न सांगता मी बंदुकीच्या दुकानात पाठवतोय.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मला लाज वाटते आहे.

नोकरीवाल्यांचा एच-वन, त्यांच्या कुटुंबीयांचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, पाहुणे म्हणून आलेल्यांचा बी-टू, हे सगळे कायद्याच्या भाषेत ‘स्थलांतरित नसलेले’ व्हिसा. या व्हिसांवर अमेरिकेत आलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच मनाई आहे, विकत घेणं तर लांबच. ‘बाळगणं’ हा शब्द नीट वाचा. मित्राच्या बॅचलर पार्टीत रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणं, हेही त्यातच येतं. आपली पोरं हे सर्रास करतात आणि वर फोटोही टाकतात. सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा अपवाद एकच : कुठल्याही राज्याने दिलेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक यांना ही अट नाही. त्यांनी दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार तिथल्या तिथे पार्श्वभूमी तपासून घेतो. बाकी राज्याराज्याचे नियम वेगळे.

हे मला माहीत होतं, तरी लिहिलं नाही. माझे वडील दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आले होते. कॉलेजात एनसीसीत त्यांनी पॉइंट टू-टू चालवलेली, त्यामुळे त्यांची फार इच्छा. पण बी-टूवर आलेले. मी त्यांच्या हातात रायफल दिली नाही. कानाला मफ लावून ते मागच्या बाकावर बसले आणि दुर्बिणीतून माझ्या गोळ्या मोजत राहिले. ‘उजवीकडे. परत उजवीकडे. अरे, चाप ओढतोस की हिसका मारतोस?’ मूळ लेखात हा प्रसंग चार ओळींत होता. लांबी कमी करताना तो कापला आणि त्याबरोबर कायदाही कापला गेला. लेखात आता भर घातली आहे.

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता म्हणून १४ काडतुसांबद्दल आधी बोलतो. या संख्येचा तुम्हाला अभिमान आहे, पण तुमच्याच राज्यात ती एकाला चांगलीच महाग पडली होती. जुन्या मार्लिन ६० च्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीत, १७ काडतुसं बसायची. न्यू जर्सीने १९९० मध्ये कायदा केला : सेमी-ऑटो रायफलीत कायमचं बसवलेलं मॅगझिन १५ पेक्षा जास्त काडतुसांचं असेल तर ती ‘असॉल्ट’, म्हणजे परवान्याशिवाय बाळगता न येणाऱ्या बंदुकांच्या वर्गात. एका गृहस्थाला नेमबाजीच्या स्पर्धेत १७ काडतुसांची मार्लिन बक्षीस मिळाली होती. त्यापायी त्यांना शिक्षा झाली आणि १९९६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती कायम ठेवली. किती गोळ्या बसतात ते ठाऊक नव्हतं, हा बचाव चालला नाही. ससे मारायची रायफल आणि असॉल्ट! पुढे त्या कायद्यात बदल झाले आहेत, तेव्हा घाबरू नका. पण काकांच्या तळघरातून जुनी मार्लिन बाहेर काढण्याआधी राज्याचा आजचा नियम स्वतः वाचा आणि आपल्या नळीत किती काडतुसं जातात ते मोजा.

शिवाय १४ चा उपयोग काय? पिट्सबर्गजवळच्या आमच्या रेंजवर, एका वेळी सहापेक्षा जास्त गोळ्या भरू नयेत अशी पाटीच आहे.

आता नेम. मान्य, मार्लिन जिंकते. माझ्या स्वतःच्या दोन्ही रायफली, ५० यार्ड, टेबलावर वाळूची पिशवी, एकाच खोक्यातली, ४० ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं : मार्लिनच्या पाच गोळ्या सव्वा इंचात, रुगरच्या जेमतेम दोन इंचात. मार्लिनच्या बॅरलमध्ये गोळीला फिरकी देणारे ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नावाचे १६ उथळ आटे असतात, त्याचं श्रेय आहेच. रुगरचा कारखान्यातून येणारा चापही जड, सहा पौंडांच्या आसपास. नवशिक्याचा नेम त्या चापापायीच हलतो. कंपनी हलका चाप वेगळा विकते, म्हणजे खिशाला आणखी चाट. हे सगळं मी एका वाक्यात गुंडाळलं होतं, चूक माझी.

पण पाऊण इंचाने नवशिक्याचं काय अडतं? ज्यांचं अडतं ते सेमी-ऑटोकडे फिरकतही नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य घेतलं ते याच पॉइंट टू-टू काडतुसावर, पण एकेक काडतूस हाताने भरायच्या रायफलीने. आपण रविवारी सकाळी कोकचे रिकामे डबे आणि कागदाच्या चकत्या फोडणारी माणसं.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या शिफारशीचं सगळं वजन यावरच आहे आणि मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकलं.

मार्लिनचं मॅगझिन म्हणजे बॅरलखाली बसवलेली लांब नळी. तिच्या आत स्प्रिंगवाली दुसरी पितळी नळी. भरताना आतली नळी पुढच्या टोकाकडून वर ओढायची, बाहेरच्या नळीला काडतुसाच्या आकाराची खाच असते, तिच्यातून एकेक काडतूस आत सोडायचं आणि नळी परत खाली दाबून फिरवून बसवायची. म्हणजे हे सगळं करताना हात कुठे असतात? बॅरलच्या तोंडापाशी. सवयीचा माणूस रायफल तिरकी धरून, बॅरलचं तोंड बाजूला ठेवून करतो. पण बारा वर्षांची पोरगी किंवा पहिल्यांदा आलेला शेजारी नळी ओढताना हमखास बॅरलच्या तोंडासमोर हात आणतो. मी पाहिलेलं सांगतोय.

रिकामी करताना आणखी गंमत. आतली नळी पूर्ण बाहेर काढायची, रायफल पुढे कलती करून काडतुसं ओतायची. ओतली, खडखड आवाज थांबला, नळी रिकामी. पण रायफल अजून रिकामी नाही! एक काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते तिथे) असू शकतं आणि एक त्याच्याही मागे, नळीतून वर उचलणाऱ्या पाळण्यात बसलेलं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता तुकडा, दोन-तीनदा मागेपुढे केला की ही दोन्ही पडतात. पण लक्षात राहिलं तर. माझ्याच मार्लिनमधून, मी ‘रिकामी आहे’ असं मोठ्याने सांगितल्यानंतर, शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गोऱ्या आजोबांनी बोल्ट ओढायला लावला आणि एक पितळी काडतूस टुणकन सिमेंटवर पडलं. आजोबा काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. माझं ते वाक्य टाळ्यातून नाही, त्या सिमेंटवरून आलेलं आहे.

रुगरचं मॅगझिन १० काडतुसांचं, गोल फिरणारं, तळहातात मावणारं, रायफलीच्या पोटात सपाट बसणारं. खटका दाबला की सुटं होऊन हातात येतं. टेबलावर ठेवलं की सगळ्यांना दिसतं. ते काढल्यावरही चेंबरमध्ये एक राहू शकतं, बोल्ट इथेही ओढायचाच आणि आत बोट घालून बघायचंच. पण पाळण्यात लपून बसलेल्या दुसऱ्या काडतुसाची भानगड नाही. मी रायफल एकट्यासाठी घेत नाही; दर वेळी कोणीतरी नवं बरोबर असतं. मला हवी ती दुसऱ्याच्या हातात देऊन दोन पावलं मागे उभं राहता येईल अशी रायफल.

एका बाबतीत मात्र मार्लिन याच मुद्द्यावर मला तोंडघशी पाडते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या मॉडेल ६० मध्ये शेवटची गोळी सुटली की बोल्ट आपोआप मागे अडकतो. उघडा दिसतो, म्हणजे संपलं. रुगरचा बोल्ट शेवटच्या गोळीनंतर बंद होतो. चाप ओढला की नुसतं ‘टक’. नवशिक्याला वाटतं काडतूस फुसकं निघालं. १९६४ पासून ही रायफल बनते आहे, लाखोंनी विकली गेली आहे, आणि साधी ती गोष्ट तिच्या मूळ रचनेत नाही. याचं समर्थन माझ्यापाशी नाही. मी माझ्यापुरता उपाय केला आहे : नवख्याला पाचच काडतुसं भरून देतो आणि मोठ्याने मोजायला लावतो. पाच म्हटलं की बोट चापावरून काढायचं, बोल्ट ओढायचा, चेंबरमध्ये ‘रिकामी आहे’ हे दाखवणारी पिवळी झेंडी.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे येऊ. तुमच्या मनातली किंमत दहा-पंधरा वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा नवी मॉडेल ६० खरोखर स्वस्त होती, घरोघर होती. १९६० पासून एक कोटीहून जास्त बनल्या. पण २००७ मध्ये मार्लिन रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेली, कनेटिकटमधला नॉर्थ हेवनचा जुना कारखाना २०११ मध्ये बंद झाला. २०२० मध्ये रेमिंग्टनचंच दिवाळं निघालं आणि लिलावात मार्लिन कोणी घेतली? रुगरने! म्हणजे आपण दोघं भांडतोय ते आता एकाच घरातल्या दोन भावांवरून. रुगरने मार्लिनच्या लिव्हर-ॲक्शन (चापाभोवतीची दांडी हलवून भरायच्या) रायफली पुन्हा बनवायला घेतल्या, मॉडेल ६० चा मात्र नंबर लागलेला नाही. तेव्हा ‘मार्लिन घ्या’ म्हणजे जुनी मार्लिन घ्या. मी माझी गहाणवट दुकानातून १४० डॉलरला उचलली आणि महिनाभरात तिच्यावर आणखी ५० घातले. रुगर नवी कोरी, लाकडी दस्त्याची, कर धरून तीनशेच्या आत पडली होती. फरक शंभराचा, त्यात रुगरचं जादा मॅगझिन, स्प्रिंग, चाप, अख्खं बॅरल कुठल्याही दुकानात मिळतं. बॅरल दोन स्क्रूंवर बसवलेलं आहे. घरी बदलता येतं.

रुगर साफ करणं सुखाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बोल्ट आणि त्याची दांडी परत बसवताना मी मराठीतल्या सगळ्या शिव्या वापरल्या आहेत. बोल्ट थोपवणारी आडवी पिन इतकी सैल असते की रायफल उलटी केली की गालिच्यात जाऊन पडते. मार्लिनचा बोल्ट त्या मानाने शहाणा.

काडतुसं फुसकी निघतात, हा तुमचा टोमणा दोन्ही रायफलींना लागू आहे. मोठ्या डब्यातली स्वस्त काडतुसं कधी सुटतात, कधी नाही. पॉइंट टू-टूमध्ये पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा पसरला नसेल तर बार होत नाही. चाप ओढून गोळी सुटली नाही तर बॅरलचं तोंड टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट ओढा. चार-पाच प्रकारची छोटी खोकी आणून आपल्या रायफलीला कोणतं मानवतं ते बघा. आणि घरी जाऊन जेवणाआधी हात साबणाने धुवा. शिसं आहे ते.

तर माझी शिफारस बदललेली नाही, कारणं मात्र यावेळी नीट मांडली आहेत.

तुम्ही लिहिलं आहे की तुमच्याकडे तुमच्या सासऱ्यांची १९८८ ची मार्लिन आहे. ती विकून रुगर घ्या असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त एक काम करा. दस्ता सोडवा, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या पेटीच्या) मागच्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा दिसेल, बोल्ट मागे आपटतो तो झेलणारा बफर. इतक्या वर्षांत तो पिवळा पडून कडक झाला असणार. नखाने दाबून बघा. तुकडे पडले तर नवा बसवल्याशिवाय रेंजवर नेऊ नका. माझ्यातला तर भुगा होऊनच बाहेर आला.