मामाचं विमान आणि मिक्सरची मोटर

परवा बडोद्याजवळ सिंधरोटला मी माझं बाल्सा लाकडाचं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान घेऊन गेलो होतो, तिथे एक काका मला म्हणाले, "इंजिन काढून मिक्सरची मोटर घातलीस होय? मग एवढा बाल्सा कशाला घासत बसलास, फोमचं तयार आणायचं ना." मी हसून सोडून दिलं. काका वयाने मोठे, माझ्या जन्माआधीपासून उडवतायत, आणि माझं विमान त्या क्षणी समोरच्या शेतात पडलेलं होतं, अशा वेळी वाद घालायला तोंड कुठे असतं. पण तीन दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितोच. लांब होणार आहे, आधीच सांगतो.

विमानाचा खोका मामाचा. बडोद्यात दांडिया बाजारात राहायचा, १९८९ ला ऑफिसच्या कामाने कलकत्त्याला गेला आणि येताना हे किट घेऊन आला. ४८ इंची पंखाचं हाय विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकायचं विमान), २.५ सीसी इंजिनासाठीचं, आणि सोबत एक ऑरोरा कंपनीचं डिझेल इंजिन, तेही कलकत्त्याचंच. मामाने ते कधी बनवलं नाही. रेडिओ सेट तेव्हा परदेशातून कोणी आणला तरच, आणि त्याची किंमत ऐकून मामी जी गप्प बसायची ती संध्याकाळपर्यंत. मग तो खोका कोऱ्या पैठणीसारखा राहिला. वर्षातून एकदा खाली यायचा, झाकण उघडायचं, आम्ही पोरं वास घ्यायचो, झाकण बंद. "हात नको लावू, तुटेल." आपल्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. मामा गेल्यावर मामीने तो मला दिला आणि मीही तेच केलं, माळ्यावर टाकला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने ३५ फूट ओलांडलं (धोक्याची पातळी २५ ची आहे), समामधल्या आमच्या घरात खालच्या खोल्यांत मांडीएवढं पाणी, सोसायटीच्या गेटपाशी मगर असल्याची बोंब, आणि आम्ही मिळेल ते सामान माळ्यावर चढवतोय. त्याला जागा करताना हा खोका हातात आला. खाली फ्रिज गेला, सोफा गेला, माझ्या मार्कशीटा गेल्या, आणि ३५ वर्षं जपलेलं विमान कोरडं ठणठणीत. त्या दिवशी ठरवलं की बास, आता हे बनवायचं.

उघडलं तर रबरबँडांची चिक्की झालेली, स्टिकर हात लावताच तडकले, प्लॅन पिवळा. लाकूड मात्र छान. पंखाच्या फासळ्या डायने कापलेल्या होत्या पण डाय बोथट असावी, कापलेल्या कमी आणि चेपलेल्या जास्त, त्यातल्या ९ मी नवीन शीटमधून ब्लेडने कापल्या. बाल्सा मुळात इक्वेडोरकडचं झाड, इतकं भराभर वाढतं की लाकडात पाणी आणि पोकळीच जास्त, वाळलं की हलकं फूल. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने हे हार्डवूड, नखाने खड्डा पडतो तरी. पण सगळा बाल्सा सारखा नसतो, आणि ही गोष्ट मला पन्नाशीत कळली. ३ इंच रुंद, ३६ इंच लांब, एक सोळांश इंच जाड, दुकानातून आणलेल्या दोन शीट, दिसायला जुळ्या बहिणी. हिच्या किचनमधल्या काट्यावर ठेवल्या तर एक १२ ग्रॅम आणि दुसरी २६! म्हणजे दुप्पटीपेक्षा जास्त. त्यानंतर तो काटा पीठ मोजायला परत गेलाच नाही, घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. इलेक्ट्रिक करायचं म्हणजे इंजिन काढून मोटर बसवायची, झालं, असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) मिळून हजाराच्या आतबाहेर, २२१२ साइजची १००० केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस, ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, १० बाय ४.५ चा प्रॉपेलर. हे सगळं एका दुपारी जमतं. जमत नाही ते वजन. मामाचं इंजिन काट्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास, वर टाकी, वर इंजिन ज्यावर बसतं ते लाकडी बेअरर. माझी मोटर माउंटसकट ६०. म्हणजे नाक एकदम रिकामं, आणि विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव भागावर, फार तर ३० टक्क्यांवर असायला लागतो. माझ्या पंखाची रुंदी २०० मिलिमीटर, म्हणजे ५० ते ६० मिलिमीटरवर. मी सगळं हाताला येईल तसं ठेवून दोन बोटांवर उचललं तर तोल ७५ वर, शेपूट धप्पकन खाली. असं विमान हातातून सोडलं तर ते नाक वर करून उभं राहतं आणि मग जमिनीला भेटायला येतं.

सोपा उपाय म्हणजे नाकात शिसं भरा. बरेच जण भरतात. मला ते पटत नाही. अरे, हलकं करायला बाल्सा वापरायचा आणि मग त्यात शिसं घालायचं? मी पुढची भिंत २५ मिलिमीटर पुढे काढली, ३ मिमी प्लायची डबी करून, आणि बॅटरी पार मोटरच्या पाठीला टेकेपर्यंत सरकवली, १८० ग्रॅमची बॅटरी हेच माझं शिसं. दुसरं म्हणजे शेपूट हलकी केली. शेपटीचं अंतर तोलापासून नाकाच्या तिप्पट, म्हणून मागे १ ग्रॅम वाचला तर पुढे ३ ग्रॅम वाचतात, हा हिशोब कळल्यावर मी दोन संध्याकाळी गच्चीवर बसून नुसती शेपूट घासली. आणि इंजिनाच्या थरथराटासाठी म्हणून किटमध्ये जे जाडजूड प्लाय होतं त्याला भोकं पाडली, मोटर थरथरतच नाही तर ते ओझं कशाला. शेवटी बॅटरीसकट वजन ८६० ग्रॅम. प्लॅनवर इंजिनासकट १,१०० लिहिलंय. वॉटमीटर लावला तर फुल थ्रॉटलला १५ अँपिअर, ११ व्होल्ट, म्हणजे १६५ वॉट. अशा ट्रेनरला किलोमागे १५० ते २०० वॉट पुरतात, माझे १९० च्या आसपास आले. मिक्सर म्हणा नाहीतर काही म्हणा, आकडे बरोबर आहेत.

मढवायला मी पतंगाचा कागद वापरला. बडोद्यात राहून बाहेरून टिश्यू मागवायचा म्हणजे नाशिकला जाऊन द्राक्षं ऑनलाइन मागवण्यासारखं आहे. गेंडीगेटहून गुलाबी कागद आणला, चिकटवला, पाण्याचा फवारा मारला, रंग सगळा हातावर आणि हिच्या टेबलक्लॉथवर, पण वाळल्यावर काय ताणला गेला म्हणून सांगू, टिचकी मारली तर डमरू. वर फर्निचरवाल्यांचा एनसी लॅकर, निम्मा थिनर घालून, दोन हात. लॅकर वर्षानुवर्षं आवळत जातो आणि पंखाला पीळ पडतो, म्हणून त्यात चार थेंब एरंडेल टाकायचं, ही जुन्या लोकांची युक्ती. इंजिन असतं तर कागद जमला नसता हेही सांगतो, एक्झॉस्टचं तेल कागदात मुरून महिन्यात पोतेरं.

हे सगळं चालू होतं तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली आणि शहरात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना सुरू व्हायचा होता, २८ ऑक्टोबरला. स्पेनचे पंतप्रधान आले, रस्ते झाडून पुसून लख्ख. एकूण ५६ विमानं, १६ स्पेनहून तयार आणि ४० इथे बडोद्यात जुळवायची. ऑफिसात सगळे त्याच गप्पा मारत होते आणि मी मनात म्हणत होतो, ४१ वं आमच्या गच्चीवर आहे, फक्त फेविकॉल वाळायचा बाकी आहे. या गप्पांत एक जण शिवकर बापूजी तळपदेंवर आलाच, राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं असा दावा करतात ते. १८९५, चौपाटी, सयाजीराव महाराजांनी स्वतः पाहिलं वगैरे. त्या काळचा ठाम पुरावा दाखवा म्हटलं की आवाज चढतो. विमान उडलं होतं की नाही यावर जेवढे तास मी बडोद्यात ऐकलेत तेवढ्यात दहा विमानं झाली असती, पण भांडणाऱ्यांतल्या कोणी एक फासळी कापलेली मला आठवत नाही.

विमान डिसेंबरात तयार झालं पण उत्तरायण होईपर्यंत बाहेर काढलं नाही. १४ ला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण, आणि त्यानंतरही पंधरा दिवस झाडाझाडावर मांजा लटकतो, कागदाच्या पंखाला तो पुरेसा आहे. शहरात तर तसंही उडवायचं नाही, एअरपोर्ट हरणीला चिकटून, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेलंही येतात, नकाशावर झोन बघून जायचं. म्हणून फेब्रुवारीत, सकाळी सात वाजता, सेव उसळीचं आमिष दाखवून मुलीला उठवून सिंधरोट.

आता काकांचं उत्तर. काका, तुमचं म्हणणं की इंजिनाचा आवाज आणि वास नाही तर ते विमान कसलं. वासाचं मला मान्य आहे, तो मलाही हवाय. कॉलेजात एनसीसी एअर विंगला होतो, कंट्रोल लाइन उडवायचो, दोन तारांवर स्वतःभोवती गोल गोल फिरत. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तो वास अजून नाकात आहे. पण त्या वासाच्या आठवणीत लोक बाकीचं सोयीने विसरतात. एका रविवारातले तीन तास प्रॉपेलरला टिचक्या मारण्यात जायचे, कॉम्प्रेशनची मूठ एक केस इकडे की बोटावर फटका, एक केस तिकडे की नुसतं फुस्स. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून व्रण आहे. मामाचं विमान ३५ वर्षं उडलं नाही ते इंजिन आणि रेडिओच्याच पायी. खोक्यात ठेवलेलं अस्सल आणि आकाशात गेलेलं नक्कल, हा कुठला न्याय?

आणि फोमचं घ्या म्हणणाऱ्यांना, त्यात माझी मुलगीही आली, एवढंच की फोमचं विमान मला आवडतं, शिकायला तेच बरं. फक्त ते तुटलं की कुठे काय तुटलं ते कळत नाही, कारण आत काय होतं हेच माहीत नसतं. लायपोचंही कौतुक फार करू नका. मे महिन्यात गाडीत विसरलात तर फुगते, सेलमागे ४.२ च्या वर चार्ज करायची नाही, घरी ठेवताना ३.८ वर आणून ठेवायची, चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही. तान्हं बाळ परवडलं.

तर त्या सकाळी पहिलं उड्डाण झालं, पण थ्रॉटल दिला की नाक वर. प्लॅनमध्ये इंजिनाचे बेअरर २ अंश खाली झुकवलेले होते आणि मी शहाण्याने नवी डबी सरळ लावली होती. उतरवलं, मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंखाली वॉशर घातले, दुसऱ्यांदा सोडलं आणि काय गेलं म्हणून सांगू. गुलाबी पंखातून ऊन आरपार, फासळी न् फासळी दिसत होती. मुलीने फोन खाली ठेवला, हे मुद्दाम नोंदवतो. हिशोबाने दहा मिनिटांचं उड्डाण, सहाव्या मिनिटाला मोटर बंद. वर शांतता. तरंगत तरंगत समोरच्या एरंड्याच्या शेतात गेलं, खरचट्ट असा आवाज आला, आणि तेव्हा काका ते मिक्सरचं वाक्य बोलले.

शेतात डोक्याएवढा एरंडा, आम्ही तिघं सरीसरीने शोधतोय, तेवढ्यात शेतवाला भाई आला. "ड्रोन छे?" म्हटलं नाही, लाकडाचं विमान. "केम पडी ग्युं?" म्हटलं गरम थई ग्युं. "एंजिन गरम थई ग्युं?" म्हटलं यात इंजिन नाही. "तो पछी गरम शुं थयुं?" याचं उत्तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

विमान काकांनाच सापडलं. पंखाला दोन ठिकाणी फाटलं होतं, एक फासळी मोडली होती. त्यांनी ते उलटं केलं, ईएससीला बोट लावलं, चटका बसला तसं मागे घेतलं. मग नाकातल्या भोकात करंगळी घालून म्हणाले, "इथून हवा आत येते. बाहेर कुठून जाते?"

बाहेर कुठूनच जात नव्हती. आत यायचं भोक पाडलं, जायचं विसरलो, आणि ते तर यायच्या भोकापेक्षा मोठं लागतं. म्हणून ईएससी तापला आणि मोटर बंद पडली.

"अरे, मिक्सरलासुद्धा खालून जाळी असते," काका म्हणाले.

पोस्टचं एरंडाचं गुऱ्हाळ झालंय, थांबतो. पोटाखाली दोन बोटं रुंद भोक पाडलंय, फासळी जोडली, गुलाबी संपला म्हणून पंखाला हिरवं ठिगळ आहे. रविवारी परत सिंधरोट. मामाचं ऑरोरा इंजिन काकांनी दोनदा मागितलंय, नुसतं चालवून बघतो म्हणतायत. अजून दिलं नाही.