दीड टँकर

"काका, मुलांना पाण्याबद्दल चार गोष्टी सांगा. तुमचं आयुष्यच पाटबंधाऱ्यात गेलं," असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, तेव्हा मी आढेवेढे घेतले, पण नवरी उखाण्याला घेते तेवढेच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझं सलग पाच मिनिटं कुणी ऐकलेलं नाही. इथे उन्हाळी शिबिरात अख्खा तास मिळत होता, वर फळासुद्धा.

क्लबहाउसमध्ये चौदा मुलं. पहिल्याच रांगेत आमची नात मनू, ठाण्याहून सुट्टीला आलेली. मी फळ्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी पुण्याची चार धरणं काढली आणि खाली ठसठशीत लिहिलं : एकूण साठवण २९ टीएमसी. खात्यात हा आकडा उच्चारला की माणसं माना डोलवायची. इथे एका चष्मेवाल्या पोराने हात वर केला.

"आजोबा, एक टीएमसी म्हणजे किती बादल्या?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे मी झोपेतही सांगेन. पण बादल्या? गुणाकार मांडला. मध्येच एक शून्य सांडलं, ते एका मुलीने उचलून जागेवर ठेवलं. २,८३२ कोटी लिटर. वीस लिटरची बादली धरली तर सुमारे १४२ कोटी बादल्या. दहा हजार लिटरचे टँकर म्हणाल तर २८ लाख.

"मग आपल्याकडे रोज टँकर का येतो?"

मी घड्याळ पाहिलं. अजून बावन्न मिनिटं होती.

वर्तमान अडचणीचा झाला की इतिहासात शिरावं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत कसं आणलं, वाटेत गावातले हौद कसे भरले, ते मी रंगवून सांगितलं. वीज नाही, पंप नाही, नुसता उतार! पोरं रंगली. तेवढ्यात मनू म्हणाली, "त्यांचा नळ गळायचा का? आपल्या बाथरूममधला गळतो तसा?"

घरचा भेदी म्हणतात तो हाच. मी घाईघाईने नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाच्या गोष्टीवर पोचलो. पाऊस मुळात बेताचा, म्हणून तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. यंदा किती पडला ते मोजायचं, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. उसाला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. "तसाच ताळेबंद उद्या तुम्ही आपल्या सोसायटीचा मांडा," असं म्हणून मी टाळ्यांत उतरलो. हे वाक्य मी का बोललो, याचा विचार अजून करतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला चौदाच्या चौदा पोरं आमच्या दारात. हातात वही आणि आमच्याच स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं. मनूने मोर्चा थेट बाथरूमकडे वळवला. गळक्या नळाखाली भांडं ठेवलं आणि सगळी उकिडवी बसली. टप. टप. टप. सेकंदाला एक थेंब. इतक्या शांततेत मी माझा नळ कधी ऐकला नव्हता. दहा मिनिटांत दीडशे मिलिलिटर.

"तासाला नऊशे. दिवसाला साडेएकवीस लिटर," चष्मेवाला म्हणाला. "आजी, कधीपासून गळतोय?"

"दोन वर्षं झाली," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालत होती. "वॉशर बदला, वॉशर बदला, म्हणून घसा कोरडा झाला. पालथ्या घड्यावर पाणी."

दोन वर्षांचे पंधरा-सोळा हजार लिटर. दीड टँकर. एकतीस वर्षं मी नदीच्या नदी हिशेबात धरली, तिला पोरांनी एका मोरीत पाणी पाजलं.

एवढ्यावर थांबतील तर शपथ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे मीच सांगितलं होतं. पोरांनी गच्ची मोजली : चारशे चौरस मीटर. पुण्याचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला. दोन लाख ऐंशी हजार लिटर, म्हणजे अठ्ठावीस टँकर. ते जातात कुठे, हे बघायला पोरं गच्चीवरच्या पाइपामागोमाग चार मजले उतरली. बिल्डरने तो पाइप मोठ्या हौसेने खाली आणलाय आणि जमिनीपासून वीतभर वर सोडून दिलाय. खड्डा नाही, टाकी नाही. पाणी पार्किंगमध्ये. जुलैत ते उपसायला आम्ही पंपवाल्याला पैसे देतो आणि मेमध्ये टँकरवाल्याला. दोघं एकमेकांचे मेहुणे आहेत, असा माझा जुना संशय आहे.

संध्याकाळी लिफ्टशेजारी ताळेबंदाचा तक्ता लागला. गच्ची : अठ्ठावीस टँकर, पार्किंगमध्ये. त्याखाली लाल स्केचपेनने, ठळक : 'आजोबांचा नळ : दीड टँकर.' सेक्रेटरींच्या फ्लशचीही नोंद होती, पण निळ्या शाईत. लिफ्ट यायला आमच्याकडे वेळ लागतो. सगळ्यांनी सावकाश वाचलं.

प्लंबर आला. पाच मिनिटांचं काम. "वॉशरचे वीस रुपये," तो म्हणाला, "आणि माझे तीनशे." दोन वर्षं मी हे तीनशे वाचवत होतो.

आता नळ गप्प आहे. आज चहा पिता पिता मी सवयीने पेपरातलं मोठ्याने वाचलं, "खडकवासला प्रकल्पात सहा टीएमसी साठा..."

"बादल्यांत सांगा," ही म्हणाली. मनू वही आणायला आत पळाली होती.